कुंपणाला नाव विचारलं तो रविवार

आचाओ, १० जून

दारियो,

तुझं पत्र मिळालं. फोन मी मुद्दामच उचलला नाही. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो. कागदावर निदान वाक्य खोडता येतं.

किटली जळली हे खरं आहे. तुला शेजारच्या मान्सिल्याने कळवलं असणार. ती शिटी वाजवून वाजवून कोरडी पडली तेव्हा बाबा मागे लाकडं फोडत होते. लाकडं फोडताना माझ्यासुद्धा कानावर काही येत नाही. त्यांचे कान पूर्वीसारखेच आहेत.

मी आठवडाभरापूर्वी इथे आले. ऑफिसने घरून काम करायची परवानगी दिली आहे. मासेपालनाच्या पिंजऱ्यांतले आकडे पुएर्तो मोन्तमध्ये बसून पाहिले काय आणि इथे चुलीजवळ बसून पाहिले काय, सारखेच.

बाबांनी तुला दिलेला शब्द मला माहीत आहे. ते स्वतःच बोलले. ज्या रविवारी रेडिओवरच्या रुएदात कुणी साद घालेल आणि त्यांच्याच्याने उत्तर देववणार नाही, त्यानंतर ते सामान बांधून तुझ्याकडे अंतोफागास्ताला येतील, कायमचे. तू खोली रंगवून ठेवली आहेस हेही त्यांनी सांगितलं. रंग कोणता, ते त्यांना आठवेना.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी रुएदाला चाळीस वर्षं होतील. दर रविवारी सकाळी आठला चाळीस वर्षं हा माणूस त्या रेडिओच्या टेबलाशी बसून बेटाबेटांवरच्या लोकांना मोर्समध्ये एकेक करून बोलतं करतो आहे. तेवढ्या दिवसापर्यंत थांब, एवढीच विनंती.

आणखी एक. मी माझ्या हौसेखातर रेडिओला लॅपटॉप जोडला आहे. मोर्सचे आवाज ऐकून ते पडद्यावर अक्षरांत उमटवणारं सॉफ्टवेअर असतं, तसं एक मी माझ्या पद्धतीने लिहिते आहे. केवळ प्रयोग म्हणून.

इरिस


आचाओ, ६ जुलै

दारियो,

तू एका ओळीचं पत्र पाठवलंस: "प्रयोग कुणासाठी?" प्रश्न बरोबर आहे. बाबांसाठी.

ते आठ दिवस लॅपटॉपकडे पाठ करून बसले. "मोर्स वाचायचं नसतं, पोरी. डोळ्यांनी कुणी गाणं ऐकतं का?" असं म्हणत माते या कडू चहाची नळी तोंडातून काढायचे आणि परत घालायचे. नवव्या दिवशी मी चहाला बटाट्याचे मिल्काओ तळत होते, तर मागून आवाज आला, "याची अक्षरं मोठी होतात का?" झाली. आता दर रविवारी चष्मा पुसून बसतात. उत्तर मात्र त्याच जुन्या पितळी मोर्स-कळीवर, स्वतःच्या हाताने.

सॉफ्टवेअरचं काम सांगायला सोपं आहे. आवाज किती वेळ टिकला ते मोजायचं. आखूड असेल तर टिंब, त्याच्या तिप्पट असेल तर रेघ, मध्ये जागा पडली की अक्षर संपलं. क्लोरिंदाबाईंच्या हातावर ते छान चालतं. पंचाहत्तराव्या वर्षी, केउई बेटावर, शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या टिंबांची इस्त्री मोडलेली नाही. पडद्यावर त्यांचं बोलणं छापील पुस्तकासारखं उमटतं. गेल्या रविवारी उमटलं, "एवारिस्तो, तुझी मुलगी आली आहे म्हणे. तिला सांग, सातवीत तिने निबंधाची वही परत केली नाही."

पण केमचीचा बार्रिया! बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. त्याची कळ त्याने करवतीच्या तुटक्या पात्याची केली आहे, आठवतं? त्याच्या हाताने माझ्या सॉफ्टवेअरचा जीव घेतला आहे. रेघा कधी तिप्पट, कधी सहापट. अक्षराच्या पोटातच तो जागा सोडतो, म्हणजे एका अक्षराची दोन-तीन होतात. मी तीन आठवडे त्याच्या हातासाठी नियम लिहिते आहे. बाबा म्हणतात, "बार्रियाला समजून घ्यायला त्याच्या बायकोला अकरा वर्षं लागली. तू जरा दम धर."

माझं पहिलं पत्र मी पुन्हा वाचलं. त्यात एक वाक्य चुकीचं आहे. कोणतं, ते तुला कळलं असेलच. काय कळवायचं ते मी आधी नीट मोजून घेते आहे.

इरिस


आचाओ, २७ जुलै

दारियो,

आज रविवार. बाबांनी माडीवरून तपकिरी सूटकेस खाली आणली आहे. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी सगळं सांगते.

रुएदाची रीत तू विसरला नसशील. ज्याचा आवाज क्षीण, ज्याला मध्ये घुसता येत नाही, त्याने फक्त एक टिंब टाकायचं. म्हणजे "मीही आहे." आणि चालवणाऱ्याने ते टिंब अनुत्तरित ठेवायचं नाही. बाबांनी चाळीस वर्षांत एकही ठेवलेलं नाही. वादळात अडकलेल्या होडीचं ठेवलं नाही आणि दारू पिऊन कळीवर डोकं टेकून झोपलेल्याचंही ठेवलं नाही.

आज सकाळी हजेरी संपत आली आणि पडद्यावर एक टिंब उमटलं. मग आणखी एक. बाबांनी लगेच विचारलं, "कोण आहेस? नाव सांग." टिंब. "सावकाश पाठव, घाई नाही." टिंब. "नवीन आहेस का? घाबरू नकोस, इथे सगळी आपलीच माणसं आहेत." टिंब. मी स्वयंपाकघरात होते. अकरा मिनिटं ते त्याला धीर देत होते. शेवटी क्लोरिंदाबाईंची अक्षरं आली:

"एवारिस्तो, ते कुंपण आहे."

मान्सिल्याने गाईंसाठी विजेचं कुंपण घातलं आहे. ओलं गवत तारेला लागतं, ठिणगी उडते, सेकंदाला एक. रेडिओत ती 'टिक' अशी येते. कुणाच्याही कानाला ते कुंपणच वाटलं असतं. माझ्या सॉफ्टवेअरला कान नाहीत. त्याने प्रामाणिकपणे टिंब मोजलं आणि टिंब छापलं.

बार्रियाने मागून जोड दिली (तेवढं नेमकं पडद्यावर स्वच्छ उमटलं), "चांगलं आहे कुंपण. वेळ पाळतं. रुएदात घ्या त्याला."

सगळे हसले असतील. बाबांनी रीतसर निरोप घेतला, रेडिओ बंद केला, लॅपटॉपचं झाकण लावलं आणि माडीवर गेले. खाली आले ते सूटकेस घेऊन. म्हणाले, "दारियोला लिही. मी शब्द मोडत नाही."

"तुम्ही उत्तर दिलंत की. शब्द कुठे मोडला?"

"कुंपणाला दिलं, पोरी. कुंपणाला."

आता ते चुकीचं वाक्य. त्यांचे कान पूर्वीसारखे नाहीत. उजव्या कानात जवळजवळ काही नाही, डाव्यात फक्त खालचे, जाड आवाज. कास्त्रोच्या डॉक्टरचे सहा वर्षांतले तीन कागद माझ्याकडे आहेत, शेवटचा मार्चमधला. मला मार्चपासून माहीत होतं.

आईच्या वेळीही मी तुला दोन दिवस उशिरा कळवलं. "तो खाणीत पाळीवर आहे, त्याला त्रास नको," असं आई म्हणाली होती, ते मी तुला तेव्हाच सांगितलं. पण आई गुरुवारी म्हणाली आणि शुक्रवारी ती काही म्हणण्याच्या स्थितीत नव्हती. शुक्रवारी तुला न कळवायचं मी ठरवलं. आणि आता पुन्हा तेच करत होते.

सूटकेस दाराजवळ आहे. अजून रिकामी आहे.

इरिस


आचाओ, १६ ऑगस्ट

दारियो,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. शुक्रवारबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस, फक्त "सप्टेंबरपर्यंत थांबतो" एवढंच. ठीक आहे. तो विषय तू काढशील तेव्हा मी उत्तर देईन.

कुंपणाचा बंदोबस्त एका संध्याकाळचं काम होतं. माणसाची दोन टिंबं कधी हुबेहूब सारखी नसतात, कुंपणाची असतात. सलग दहा टिंबं एकाच मापाची आली तर ती छापायची नाहीत, असा नियम घातला. तपासून पाहायला मला जुनी ध्वनिमुद्रणं हवी होती. विद्यार्थिनी असताना मी माळ्यावर एक छोटा रिसीव्हर लावला होता, प्रबंधासाठी. रविवारी सकाळी आपोआप चालू होणारा. तो काढायचं राहूनच गेलं. सहा वर्षांचे रविवार त्यात साठले आहेत.

सॉफ्टवेअर प्रत्येक वाक्याचा वेगही लिहून ठेवतं, मिनिटाला किती शब्द. मी सहज तो स्तंभ उघडला.

सहा वर्षांपूर्वी क्लोरिंदाबाई बार्रियाशी एकवीस शब्दांनी बोलतात, बाबांशीही एकवीस. आज बार्रियाशी एकवीस. बाबांशी दहा. आणि प्रत्येक नाव दोनदा. सगळ्यांचं तसंच. चौदाही माणसं आपसात भरभर बोलतात आणि बाबांकडे वळली की पाय न वाजवता चालतात. उतार इतका हळू आहे की एका रविवारापासून दुसऱ्या रविवारात फरक दिसत नाही. डॉक्टरचे तीन कागद त्यावर ठेवले तर बिंदू रेषेवर बसतात. एकच पायरी आहे, जिथे वेग एकदम खाली येतो, ती आई गेली त्या महिन्यात. ते कानांमुळे की आईमुळे, हे आलेखावरून सांगता येत नाही.

आणि बार्रिया. बाकीच्यांशी बोलताना त्याचा हात क्लोरिंदाबाईंइतकाच स्वच्छ आहे. रेघ बरोबर तिप्पट. त्या कुंपणाच्या टोमण्याचं गणितही आता सुटलं. तो बाबांना नव्हता, सगळ्यांना होता. तो हात बिघडतो फक्त बाबांशी बोलताना.

मी त्याला फोन केला.

"बार्रियाकाका, तुमचा हात बाबांशी बोलतानाच का बिघडतो?"

मागे चालू असलेलं इंजिन त्याने बंद केलं. मग म्हणाला, "कुणी सांगितलं तुला?"

"तुमच्या रेघांनी."

"चहाडखोर मेल्या." मग, "हे बघ. त्याला वरचे आवाज येत नाहीत, पण लांबवलेली रेघ त्याला सापडते. मध्ये जागा सोडली की तो ती धरतो. मी करून पाहिलं, जमलं, म्हणून करत राहिलो. जुन्या इंजिनाला आपण एकदम गती देतो का? मग झालं तर."

म्हणजे तीन आठवडे मी ज्याला चूक म्हणून दुरुस्त करत होते, ते हे होतं.

क्लोरिंदाबाई फोनवर रागावल्या. "त्याला सांगितलंस तर बघ. पाच वर्षं सांभाळलंय आम्ही."

मी त्याच संध्याकाळी सांगितलं. लपवण्याचं माझं प्रमाण या वर्षापुरतं भरलं आहे. चुलीजवळ बसवून त्यांना आलेख दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो नीट पाहिला.

"छान उतार आहे. कशाचा?"

"तुमच्या मित्रांचा. तुमच्याशी बोलतानाचा वेग."

"हं. ते ठाऊक आहे मला."

"केव्हापासून?"

"क्लोरिंदा एकेक नाव दोनदा सांगायला लागली तेव्हापासून. ती बाई वर्गात एकदा सांगून दुसऱ्यांदा छडी दाखवायची. मी बहिरा आहे, मूर्ख नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"इतकी चौदा माणसं इतकं जपून माझ्यापासून एक गुपित ठेवतायत. मी कसं फोडू? त्यांना वाईट वाटलं असतं."

मग चष्मा काढून, "पण पोरी, दमलोय मी. ते लपवतात, मी लपवतो. रविवारची सकाळ सगळी लपवण्यातच जाते."

मी म्हटलं, आता पडदा आहे. त्यांना सांगूया, पूर्वीसारखे एकवीसने बोला. ते हो म्हणाले. सूटकेस दारातून उचलून त्यांनी टेबलाखाली ठेवली आणि तिच्यावर पाय टेकून बसतात. उंची बरोबर आहे म्हणे.

इरिस


आचाओ, ७ सप्टेंबर, रविवार, दुपारी साडेबारा

दारियो,

आजची रुएदा आठला सुरू झाली आणि साडेनऊला संपली. घडलं तसं लिहिते.

चाळिसावं वर्ष म्हणून नेहमीच्या चौदांऐवजी एकोणीसजण आले. क्लोरिंदाबाईंनी सुरुवातीलाच एकवीसच्या वेगाने बाबांचं अभिनंदन केलं. पडद्यावर अक्षरं धावली, बाबांनी वाचली, एकवीसनेच उत्तर दिलं. त्यांचा चेहरा तू पाहायला हवा होतास. पळायला सोडलेल्या घोड्यासारखे ते कळीवर वाकले होते. आठ माणसं अशी झाली. बार्रियाही स्वच्छ हाताने बोलला, पडद्याने एक अक्षर चुकवलं नाही.

नवव्याच्या मध्येच वीज गेली. वारा पहाटेपासून होता. रेडिओला काहीच झालं नाही. तो नेहमीप्रमाणे ट्रकच्या बॅटरीवर. लॅपटॉपला त्याची स्वतःची बॅटरी. ती चार मिनिटांत संपली. मी ती तपासली नव्हती. सॉफ्टवेअरच्या बावीस चाचण्या केल्या, बॅटरीची एकही नाही. ही चूक पूर्ण माझी.

पडदा काळा झाला. तेवढ्यात एक टिंब आलं.

मला ऐकू आलं. पुढचं नावही ऐकू आलं. लेमुइ बेटावरचा कुणी नवीन मुलगा, अक्षरं अडखळत येत होती. माझ्या हातात पेन्सिल होती, समोर कागद होता. नाव लिहून बाबांपुढे सरकवायला मला तीन सेकंद पुरले असते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेन्सिल टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. त्यांच्या शब्दात "माझ्याच्याने" असं होतं, आणि तो शब्द त्यांनी तुला दिला होता. मी मध्ये येऊन तुला पुन्हा एक खोटा रविवार पाठवणार नव्हते. ते हरले असते तर हे पत्र तसंच लिहिलं असतं.

त्यांनी डावा पंजा स्पीकरच्या जाळीवर पालथा ठेवला. मुलाने पुन्हा टिंब टाकलं, ते त्यांच्या तळव्याला जाणवलं. मग उजव्या हाताने पाठवलं. मी शब्दशः देते:

"टिंब मिळालं. मी एवारिस्तो. मला ऐकू येत नाही. पाच वर्षं येत नाही. सावकाश पाठवा."

चाळीस वर्षांत त्यांनी हे प्रथमच हवेत सोडलं.

मग क्लोरिंदाबाईंचं एक टिंब. मग बार्रियाचं. मग एकामागून एक, सगळ्यांचं, फक्त एकेक टिंब. बाबा पंजा न हलवता मोजत होते, ओठ हलत होते. शेवटी त्या नव्या मुलाने पुन्हा आपलं नाव पाठवलं, सावकाश. तरी ते बाबांना सापडेना. तेव्हा बार्रियाने मध्ये येऊन ते नाव आपल्या त्या मोडक्या हाताने पाठवलं, लांब रेघा, पोटात जागा. बाबांच्या बोटांनी ते धरलं. त्यांनी मुलाला नावाने हाक मारली, विचारलं, "घाबरलास का?" मुलगा म्हणाला, "हो." बाबा म्हणाले, "मीही."

उरलेली अकरा माणसं तशीच झाली. नऊ शब्दांच्या वेगाने, उघडपणे. शेवटी हजेरी मिटवताना बाबांनी विचारलं, "कुंपण?" वीज नव्हती, त्यामुळे काहीच आलं नाही. बार्रिया म्हणाला, "गैरहजर. पुढच्या रविवारी कारण विचारा."

आता निर्णय तुझा आणि त्यांचा. त्यांनी उत्तर दिलं का? एकाला बोटांनी, आठांना पडद्यावर वाचून, अकरांना सावकाश करायला लावून. कानांनी एकालाही नाही. मी यातलं काही कमी-जास्त केलेलं नाही. किटलीचं म्हणशील तर तिच्यावर मी पाण्याच्या वाफेने चुलीजवळचा दिवा पेटेल असं काही बसवलं आहे. दोनदा चाललं, एकदा नाही. नीट होईपर्यंत मी इथून जात नाही.

बाबा समोर बसून मिल्काओ खातायत. त्यांनी सांगितलं तसं लिहिते: "दारियोला विचार, त्याच्या गच्चीवर वीस मीटर तार ताणायला जागा आहे का. पुढच्या जुलैत येईन म्हणावं, इथला पाऊस गुडघ्यांना सोसत नाही. महिनाभर, पाहुणा म्हणून. आणि विचार, त्या खोलीचा रंग कोणता."

सूटकेस टेबलाखालीच आहे.

हे पत्र उद्या टपालात पडेल आणि तुला पुढच्या आठवड्यात मिळेल. रुएदा संपून तीन तास झाले. तेवढाही उशीर पुरे झाला, दादा. मी पेन ठेवते आहे आणि फोन लावते आहे. उचल.

इरिस